आवाजाची वही

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या तेलगाव येथील वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी मजला "आरोग्याविषयी चार शब्द सांगा" अशी आज्ञा केली, तेव्हा आहार, व्यायाम आणि व्यसनमुक्ती ह्या नेहमीच्या विषयांवर मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय महत्त्वाचे आहेत ह्यात शंका नाही. परंतु त्यांवर आपण ह्या मांडवात पुष्कळ ऐकले आहे. आज मी आपणांपुढे एक वेगळा विषय मांडणार आहे. दीर्घकाळ चालणारा आजार ज्यास जडला आहे, अशा माणसाचा आवाज नित्यनेमाने मुद्रित करून ठेवावा, आणि त्या आवाजावरून दूर असलेल्या आप्तास अथवा वैद्यास त्याच्या प्रकृतीचा चढउतार कळावा, हा तो विषय होय. हे ऐकून काहींना नवल वाटेल, काहींना ही शहरातील श्रीमंतांची हौस वाटेल. ती तशी नाही, हे सांगण्याचा अधिकार मला माझ्या विद्येने जितका दिला आहे, त्याहून अधिक माझ्या एका चुकीने दिला आहे. म्हणून आरंभ त्या चुकीपासूनच करतो.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व भावंडे दादा म्हणत असू, ते ह्याच गावी राहत. मी वैद्यकीच्या व्यवसायासाठी बाहेरगावी स्थायिक झालो. दादांनी घर आणि शेत सांभाळले. उतारवयात त्यांचे हृदय दुर्बळ झाल्याचे निदान झाले. औषधे चालू होती, पथ्यही बऱ्यापैकी होते. मोबाइल फोन हाती आल्यापासून त्यांनी एक नेम धरला होता. रोज सकाळी ते मला आपल्या आवाजात एक निरोप पाठवीत. त्या वर्षी कार्तिकात आलेले निरोप चांगले मिनिट-दीड मिनिटांचे असत. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांनी रस्ता कसा अडला, कापसाला काय भाव आला, कोणाच्या घरी कार्य ठरले, हे सारे एका ओघात येई. पौषात तेच निरोप अर्ध्या मिनिटावर आले. वाक्याच्या मध्येच ते थांबत, आणि शेवटचा शब्द ऐकू येईनासा होई. समाप्ती मात्र नेहमीची असे : "माझं बरं आहे, तू काळजी करू नकोस." ते वाक्य ऐकून मी निर्धास्त होत असे. माघातील एका रात्री त्यांना धाप लागली. गाडी मिळवून, धारूरचा घाट ओलांडून त्यांना रुग्णालयात नेईपर्यंत पहाट झाली. चौथ्या दिवशी दादा गेले.

पुढे कित्येक दिवसांनी एके रात्री मी ते सगळे निरोप ओळीने ऐकले. कार्तिकातील आवाज आणि माघातील आवाज शेजारी ठेवले असता, हा माणूस उत्तरोत्तर श्वासाला महाग होत चालला आहे हे एखाद्या शाळकरी मुलासही समजले असते. मी चाळीस वर्षे रुग्ण तपासलेला माणूस. मी दादांचे शब्द ऐकले, पण आवाज ऐकला नाही. जो बदल त्यांच्या छातीवर नळी ठेवून शोधावयास मी आनंदाने रात्रभर प्रवास केला असता, तो रोज सकाळी माझ्या खिशात येऊन पडत होता. वेळीच लक्ष दिले असते तर दादा खात्रीने वाचले असते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे वैद्यकाच्या प्रामाणिकपणास सोडून होईल. परंतु औषधाची मात्रा बदलण्यासाठी जे दोन-तीन आठवडे हाती होते ते माझ्यामुळे वाया गेले, एवढे मात्र खरे.

आता, आवाज ऐकून रोग ओळखणे ही काही आजची कल्पना नव्हे. आपल्याकडे 'योगरत्नाकर' ह्या ग्रंथात रुग्णाची परीक्षा आठ प्रकारांनी करावी असे सांगितले आहे. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती हे ते आठ प्रकार. ह्यांतील 'शब्द' म्हणजे रुग्णाचा स्वर. नाडीपरीक्षेचे नाव आजही घरोघरी घेतले जाते, तिच्याच ओळीत बसलेली शब्दपरीक्षा मात्र आपण विसरलो. पाश्चात्त्य वैद्यकातही ऐकण्याची परंपरा जुनी आहे. १८१६ साली पॅरिस येथे लेनेक ह्या वैद्याने कागदाची सुरळी करून ती रुग्णाच्या छातीवर टेकविली आणि त्यातूनच पुढे आपल्या परिचयाची स्टेथॉस्कोपची नळी जन्मास आली. त्या नळीला एक मर्यादा होती. ऐकणारा आणि रुग्ण हे एका ठिकाणी असावे लागत. ती मर्यादा ध्वनिमुद्रणाने दूर केली आहे.

आवाजात आजार उमटतो तरी कसा, हे समजून घेण्यास आपल्या भजनातील पेटीकडे पाहावे. पेटीचा भाता वारा देतो, त्या वाऱ्याने आतील पातळ पट्ट्या कंप पावतात, आणि लाकडी खोक्यात तो नाद भरून बाहेर येतो. मनुष्याच्या ठायी फुप्फुसे हा भाता, स्वरयंत्रातील दोन पडदे ह्या पट्ट्या, आणि घसा, तोंड व नाक हे खोके. पुरुषाच्या स्वरयंत्राचे पडदे बोलताना सेकंदास शंभराहून थोडे अधिक, तर स्त्रीचे सुमारे दोनशे वेळा हलतात. ह्या सर्वांवर मेंदू आणि मज्जातंतू ह्यांचा ताबा असतो. दम्याने वायुमार्ग आकुंचन पावले की भाता अपुरा पडतो आणि वाक्य तुटते. हृदय दुर्बळ झाले की फुप्फुसांत पाणी साचते. शरीरावरील सूज स्वरयंत्राच्या पडद्यांपर्यंतही पोहोचू शकते, आणि आवाज जड होतो. कंपवातात स्नायू ताठरतात; त्यामुळे आवाज हळू आणि एकसुरी होतो, शब्द एकमेकांत मिसळतात. माणूस "बरे आहे" असे म्हणत असता त्याचा श्वास दुसरेच काही सांगत असतो, तो असा.

ज्या सूक्ष्म बदलांचा कानाला थांग लागत नाही ते यंत्राने मोजता येतात. एका कंपापासून दुसऱ्या कंपापर्यंतचा अवधी किती कमीजास्त होतो, कंपाचा जोर किती डळमळतो, नादात निव्वळ वाऱ्याची खरखर किती मिसळली आहे, दोन शब्दांत विराम किती आहेत, ह्या गोष्टी गणकयंत्र आकड्यांत मांडते. ह्या दिशेने जे काम झाले आहे त्याचा थोडक्यात परिचय करून देतो. कारण त्यात आशा आणि सावधगिरी ह्या दोन्हींचे धडे आहेत.

कंपवातावरील काम सर्वांत लक्षणीय आहे. अथानासिऑस त्सानास, मॅक्स लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कंपवाताच्या प्रारंभीच्या अवस्थेतील ४२ रुग्णांनी सहा महिने आपापल्या घरी बसून केवळ 'आ' हा स्वर लांबवून मुद्रित केला होता. अशा ५,८७५ मुद्रणांवरून रोगाची तीव्रता दर्शविणारा आकडा, जो एरव्ही तज्ज्ञ डॉक्टर रुग्णास समोर बसवून काढतात, तो बराचसा जवळपास काढता येतो असे त्यांस आढळले. २०१२ साली ह्याच लिटल ह्यांनी सामान्य लोकांस साध्या दूरध्वनीवरून आपला आवाज नोंदविण्याचे जाहीर आवाहन केले, आणि त्यास हजारो लोकांनी प्रतिसाद दिला. रुग्णाने दवाखान्याची पायरी न चढता, स्वतःच्या ओसरीवर बसून आपल्या आजाराची नोंद देणे शक्य आहे, हे ह्या कामाने दाखविले.

हृदयाच्या दुर्बलतेवरही असे प्रयोग झाले आहेत. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी अंगात पाणी साचून रुग्णालयात आलेल्या दहा रुग्णांचे बोलणे उपचारकाळात मुद्रित केले. पाणी उतरण्यापूर्वीच्या आणि उतरल्यानंतरच्या बोलण्यात मोजता येण्याजोगा फरक त्यांस आढळला. २०२२ साली इस्रायलमधील संशोधकांनी ४० रुग्णांच्या बाबतीत, रुग्णालयात येतानाचा आवाज आणि घरी जातानाचा आवाज ताडून पाहिला व तोच निष्कर्ष काढला. हे वाचताना माझ्या मनाची काय अवस्था झाली असेल ह्याची आपण कल्पना करू शकाल. मधुमेहाविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर भारतातीलच २६७ लोकांनी भाग घेतला होता. दोन आठवडे, दिवसातून सहा वेळा, त्यांनी फोनवर एक ठरावीक वाक्य बोलून अठरा हजारांहून अधिक मुद्रणे दिली. मधुमेही आणि इतर ह्यांच्या आवाजात काही भेद आढळले. अर्थात ह्यामुळे रक्तातील साखर तपासण्याची गरज संपली, असा अर्थ कोणी काढू नये.

आपल्या महाराष्ट्रातही ह्याचा एक प्रयोग झाला. तो दीर्घ आजारावर नव्हता, साथीच्या आजारावर होता. तरीही त्यापासून बोध घेण्यासारखा आहे. २०२० साली करोनाच्या साथीत मुंबई महापालिकेने गोरेगाव येथील नेस्को संकुलातील उपचार केंद्रात आवाजावरून रोग ओळखण्याची चाचणी हाती घेतली. नेहमीची चाचणी चालू ठेवूनच, तिच्याशी पडताळून पाहण्यासाठी आवाजाचे नमुने घेण्याचे ठरले. त्याच वर्षी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेने 'कोस्वरा' नावाच्या प्रकल्पात लोकांचा श्वास, खोकला आणि आवाज ह्यांचा संग्रह करण्यास आरंभ केला. त्या काळात जगभर अशा यंत्रांच्या अचूकतेचे मोठे आकडे प्रसिद्ध होत होते. पुढे ब्रिटनमध्ये ६७ हजारांहून अधिक लोकांच्या ध्वनिमुद्रणांचा काटेकोर अभ्यास झाला व तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की, नमुने गोळा करण्याच्या पद्धतीतील दोष दूर केल्यावर, यंत्राचा कौल आणि "ताप आहे का, खोकला आहे का" असे साधे प्रश्न विचारून मिळणारे उत्तर ह्यांत यंत्र काही सरस ठरत नाही.

मग आशा कोठे आहे आणि भ्रम कोठे आहे? माझ्या मते त्यांच्या सीमारेषेवर एक साधा विचार उभा आहे. अनोळखी माणसाचा आवाज ऐकून त्यास कोणता रोग आहे हे सांगणे अतिशय कठीण आहे. कारण माणसामाणसांच्या आवाजांतील भेद हा आजाराने पडणाऱ्या भेदाहून मोठा असतो. कोणाचा आवाज जन्मतःच घोगरा असतो, कोणाचा तंबाखूने झालेला असतो. परंतु एकाच माणसाचा आजचा आवाज त्याच्याच गेल्या महिन्यातील आवाजाशी ताडून पाहणे ही गोष्ट वेगळी आहे. तेथे तोच गळा, तीच भाषा, तेच वाक्य असते. बदलते ती प्रकृती. म्हणून रोग ओळखण्याचे साधन म्हणून आवाजाकडे पाहू नका. ओळखलेल्या रोगावर नजर ठेवण्याचे साधन म्हणून त्याकडे पाहा. ह्यासाठी आपणांस कोणतेही महागडे यंत्र घ्यावयाचे नाही. ज्यास मी 'आवाजाची वही' म्हणतो, ती एक फोन आणि एक पेन्सिल एवढ्यात सिद्ध होते.

तिची रीत सांगतो. रोज सकाळी, एकाच वेळी, एकाच जागी बसून, फोन तोंडापासून एक वीत अंतरावर धरावा. पंखा आणि दूरदर्शन बंद असावे. प्रथम सुखाने श्वास घेऊन 'आ' हा स्वर जमेल तितका लांबवावा. ताण देऊ नये. नंतर एक, दोन, तीन असे अंक सावकाश, एका श्वासात म्हणावे आणि श्वास कोठे संपतो तो अंक वहीत लिहावा. मग रोजचे एक ठरलेले वाक्य बोलावे. ते वाक्य दहा-बारा शब्दांचे असावे आणि कधीही बदलू नये. एवढे झाले की पुढे काय हवे ते बोलावे. मोकळ्या बोलण्यातही प्रकृती दिसते. प्रकृती स्थिर असतानाचे पहिले दोन आठवडे हा आपला पाया. पुढील प्रत्येक दिवस त्याच्याशी ताडून पाहावयाचा. आठवड्यातून एकदा घरातील एकाने पहिल्या आठवड्याचे आणि चालू आठवड्याचे मुद्रण लागोपाठ ऐकावे. हे लागोपाठ ऐकणे मी चुकवले होते, म्हणून ते आपणांस आवर्जून सांगतो. रोज थोडा थोडा पडणारा फरक रोज ऐकणाऱ्यास उमगत नाही.

वहीत आवाजाखेरीज आणखी काही नोंदी हव्यात : सर्दी आहे काय, उपवास आहे काय, आदल्या रात्री भजनाला जागरण झाले काय, कवळी बदलली काय. ह्यांनीही आवाज बदलतो, आणि त्या बदलाने घाबरून जाण्याचे कारण नाही. हृदयाच्या रुग्णाने रोजचे वजन, पायांवरील सूज आणि रात्री किती उशा लागल्या हेही लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले तर आवाज काहीही सांगो, डॉक्टरांना कळवावे. एका श्वासातील अंकांविषयी एक इशारा देतो. अंक मोजवून श्वासाची अवस्था अजमावण्याची 'रॉथ गुणांक' नावाची पद्धत २०१६ साली मांडली गेली होती. परंतु साथीच्या काळात तज्ज्ञांनी केवळ तिच्या भरवशावर राहू नये असे बजावले. आकडा चांगला आला म्हणजे माणूस सुरक्षित आहे, असे समजू नये. आकडा घसरू लागला तर मात्र विचारपूस करावी.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्याच पाहिजेत. एक म्हणजे, वाक्य पुरे करता न येण्याइतकी धाप, छातीत कळ, ओठ निळे पडणे, तोंड वाकडे होणे अथवा अचानक जीभ जड होणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर मुद्रण करीत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुसरी गोष्ट तंबाखू खाणाऱ्यांसाठी आणि विडी ओढणाऱ्यांसाठी. आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी. तो घोगरेपणा स्वरयंत्राच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असू शकतो, आणि त्या अवस्थेत तो पुष्कळदा बरा होतो.

हे सारे आपल्या भागास विशेष लागू कसे, तेही पाहू. तेलगाव हे चौरस्त्यावरील गाव. माजलगाव, धारूर, परळी, बीड ह्या चारी दिशांना वाटा फुटतात, आणि त्या वाटांनी आपली मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे-मुंबईस आणि परदेशीही गेली. आपल्या जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि मागे घराघरांतून म्हातारी माणसे राहतात. नोकरदाराचे घर असो वा मजुराचे, उंबऱ्यात बसून वाट पाहणारा म्हातारा एकच आहे. मोठ्या उपचारासाठी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचा आधार आहे, आणि तो मोलाचा आहे. परंतु दम्याने थकलेल्या म्हातारीस दर पंधरवड्यास तेथवर नेणे कोणास जमते? सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेतून आता फोनवरूनही डॉक्टरांचा सल्ला मिळू शकतो. अशा वेळी "कसे वाटते?" ह्या प्रश्नास "बरे आहे" एवढेच उत्तर देण्याऐवजी महिन्याची वही पुढे ठेवता आली, तर डॉक्टरांचे काम किती सुकर होईल!

येथे भगिनीवर्गाविषयी एक शब्द बोलणे अवश्य आहे. घरातील पुरुषास धाप लागली तर सारे घर धावते. सासूस अथवा सुनेस लागली तर "चुलीच्या धुराने होते" म्हणून विषय संपतो, आणि ती स्वतःच तो संपवते. फोन पुष्कळ घरांत पुरुषाच्या खिशात असतो. तेव्हा आवाजाची वही घरात आणली तर तिच्यात पहिले नाव त्या घरातील सर्वांत कमी बोलणाऱ्या स्त्रीचे असावे, अशी माझी विनंती आहे. ती तक्रार करणार नाही. तिचा श्वास करील.

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळतो. आपले हे ज्ञातिमंडळ आहे. ह्याच मांडवात आज वधूवरांच्या याद्या वाटल्या गेल्या आहेत, आणि ह्या स्मरणिकेतही त्या छापल्या जातील. "त्यांच्या घरात दमा आहे," "मुलीच्या वडिलांना कंपवात आहे," एवढ्या कुजबुजीने ठरलेली स्थळे मोडलेली आपण पाहिली आहेत. ह्या भयानेच आपली माणसे आजार लपवितात आणि उशिरा दवाखान्यात जातात. आवाज हा अंगठ्याच्या ठशासारखा आहे. त्यावरून माणूस ओळखू येतो. फोनवर एकाने दुसऱ्यास पाठविलेले मुद्रण तिसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडून साऱ्या समाजाकडे जाण्यास एक बोट पुरते, आणि गेलेला आवाज परत आणता येत नाही. व्यक्तीच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशाने २०२३ साली केला खरा. परंतु सोयरिकीतील कुजबुजीवर कोणता कायदा चालणार? तेथे आपली अब्रू आपणच राखली पाहिजे.

म्हणून मी काही मर्यादा सुचवितो. रुग्णाच्या संमतीवाचून, तो म्हातारा असो वा लहान, त्याचा आवाज मुद्रित करू नये. आणि त्याने "आता पुरे" म्हटले की थांबावे. ऐकणारा एकच असावा, आणि तो कोण हे रुग्णाने ठरवावे. कुटुंबाच्या किंवा समाजाच्या सामायिक गटावर ते मुद्रण कधीही टाकू नये. कोणी कंपनी फुकट तपासून देते म्हणून तिच्या हवाली करण्यापूर्वी, हा आवाज कोठे ठेवला जाईल आणि तो पुसून टाकता येईल काय, हे विचारावे. आणि मंडळाने स्वतः एकाही रुग्णाचे मुद्रण आपल्याजवळ ठेवू नये. मंडळाने रीत शिकवावी. वही ज्याची त्याच्या घरी राहावी.

मंडळापुढे माझी मागणी लहान आहे. मी निधी मागत नाही, इमारत मागत नाही. ज्या विद्यार्थ्यांना आज आपण शिष्यवृत्त्या दिल्या, त्यांपैकी प्रत्येकाने येत्या सुटीत दोन घरी जाऊन, तेथील दीर्घ आजाराच्या माणसास ही वही सुरू करून द्यावी. फोन कसा धरावा, मुद्रण तारखेने कसे ठेवावे, एवढेच शिकवावयाचे आहे. संदेश म्हणून पाठविताना आवाज दाबला जाऊन त्यातील बारकावे गळतात. घरच्या कानाला तेवढे पुरेसे आहे, पण पुढेमागे एखाद्या तज्ज्ञास यंत्राने तपासावयाचे झाल्यास मूळ मुद्रण फोनमध्ये जपलेले बरे, हेही त्यांनी सांगावे. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने समाजाचे ऋण कसे फेडावे असे आपण नेहमी विचारतो. हा एक मार्ग आहे.

उद्या यंत्रे अधिक शहाणी होतील. मराठवाड्याची बोली ऐकून, रुग्णाच्या श्वासातील बदल आपल्या अगोदर सांगणारी साधनेही येतील. त्यांचे आपण स्वागत करू. परंतु यंत्राने सांगितलेले ऐकून गाडी काढणारा, डॉक्टरांना फोन लावणारा आणि रात्री उशाशी बसणारा माणूसच लागेल. तो नसेल तर सर्वांत अचूक यंत्रही माझ्या त्या वर्षीच्या फोनसारखेच ठरेल. सारे काही नोंदलेले, आणि कोणीच न ऐकलेले.

दादांचे ते निरोप मी अद्याप पुसलेले नाहीत. त्यांतील कार्तिकाचा पहिला निरोप मी कधी कधी ऐकतो. त्यात उसाच्या गाड्यांचा आवाज आहे, आणि दादांचे मोठ्याने हसणे आहे. आपण सर्वांनी आज घरी गेल्यावर आपापल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून त्यांचा असाच एक चांगल्या दिवसाचा आवाज मुद्रित करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. वहीचे पहिले पान तेच असेल.